संगणकाची रोजनिशी आणि तिचा भार
(शासकीय कर्मचाऱ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘लॉग’ हा शब्द समुद्रावरचा आहे. दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात सोडून खलाशी जहाजाचा वेग मोजीत आणि तो ज्या वहीत नोंदवीत, ती ‘लॉगबुक’. मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांवर अशी वही आजही असते. संगणकाने तोच शब्द उचलला. कोण केव्हा आत आले, कोणते काम अडले, परक्या कोणी दार ठोठावले काय, हे संगणक अहोरात्र टिपून ठेवीत असतो. युनिक्स परंपरेतील यंत्रांवर या नोंदी एकत्र करणारी ‘सिस्लॉग’ व्यवस्था एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे, ‘सेंडमेल’ या टपालप्रणालीच्या निमित्ताने रचली.

जहाजाची वही भरली की कप्तान दुसरी घेतो. संगणकाला मात्र कोणी सांगितल्याशिवाय नवी वही घेणे सुचत नाही. एखादा बिघडलेला प्रोग्रॅम सेकंदाला एक हजार वेळा तीच तक्रार लिहू लागला आणि प्रत्येक तक्रार २०० बाइटांची असली, तर एका दिवसात सुमारे १७ गिगाबाइट जागा व्यापली जाते. डिस्क भरली की डेटाबेस थांबतो, दाखल्यांचे व पावत्यांचे काम खोळंबते आणि खिडकीपुढची रांग वाढत जाते.

अशा वेळी घाईघाईने ती भलीमोठी फाइल पुसून टाकण्याचा मोह होतो. पुष्कळदा त्याने कामही साधत नाही. लिनक्सवर एखाद्या प्रोग्रॅमने उघडून धरलेली फाइल पुसली, तर यादीतून तिचे नाव जाते. जागा मात्र तो प्रोग्रॅम ती फाइल सोडीपर्यंत मोकळी होत नाही. मग ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरलेली दाखविते आणि ‘डीयू’ला ती जागा कोठेच सापडत नाही! नवखा माणूस येथे चक्रावून जातो. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर जागा परत मिळते. याहून मोठी हानी निराळीच आहे. यंत्रात कोणी अनधिकृतपणे शिरले असेल, तर त्याच्या पाऊलखुणा त्याच फाइलीत होत्या. ज्या कार्यालयात साधे टिपणही मुदत पाहिल्याशिवाय नष्ट करीत नाहीत, तेथे हा पुरावा एका बोटाने नाहीसा व्हावा, हे विसंगत आहे.

तेव्हा प्रथम ‘व्हार’मधील ‘लॉग’ निर्देशिकेत कोणती फाइल वाढली ते पाहावे आणि तिच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. बहुधा एकच ओळ पुनःपुन्हा आलेली आढळते; दुरुस्ती तेथूनच सुरू करावयाची. दोष शोधण्यासाठी वाढविलेला नोंदींचा तपशील पूर्ववत करावयाचा राहून गेला, हेही कारण नेहमीचे. फाइलीची संकुचित प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवून मगच मूळ फाइल रिकामी करावी. अशा पुनरुक्तीच्या मजकुराचे आकारमान संकुचनाने कितीतरी पटींनी घटते.

कायमची व्यवस्था ‘लॉगरोटेट’ करतो. तो ठरावीक काळाने जुनी वही बाजूला काढतो, नवी उघडतो, जुन्या संकुचित करतो आणि मुदत संपलेल्या काढून टाकतो. ‘सिस्टिमडी’ची जर्नल स्वतःहून आपल्या विभागाच्या १० टक्क्यांवर किंवा ४ गिगाबाइटांवर, यांपैकी जे कमी असेल तेथे थांबते.

खरी अडचण मुदतीची आहे. लॉगरोटेटची प्रचलित मांडणी आठवड्यास एक वही आणि मागील चार वह्या अशी असते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद चमूने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशानुसार मात्र शासकीय संस्थांनीही आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवावयाचे आहेत. म्हणजे यंत्राबरोबर आलेली मांडणी तशीच ठेवणारे कार्यालय नकळत निदेशभंग करीत असते. आणि डिस्क न वाढविता केवळ मुदत वाढविणाऱ्या कार्यालयाची डिस्क पुन्हा भरते. यासाठी लॉगांना स्वतंत्र विभाग द्यावा, जुन्या वह्या दुसऱ्या यंत्रावर पाठवाव्यात आणि ८० टक्के जागा भरताच सूचना मिळेल अशी सोय करावी. ती सूचना कोणाकडे जावी, हेही नावानिशी ठरवून घ्यावे. बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर गेलेली सूचना कोणीही वाचीत नाही.