लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात



सेनापतीवर व्याख्यान म्हटले की श्रोते तोफांच्या गडगडाटाची वाट पाहतात. पुलगावचे दारूगोळ्याचे कोठार शेजारी असल्यावर आपण ती पाहिली तर नवल नाही. पण आम्ही आज ज्या थोरातांविषयी बोलणार, त्यांची खरी मोठेपणाची जागा आमच्या मते दोन आहेत. एकदा ते हातात शस्त्र न घेता पुढे गेले, आणि एकदा त्यांनी लिहिलेला कागद जेथे जायला हवा तेथे गेलाच नाही.

थोरातांचा जन्म 1906 सालचा, कोल्हापूरकडील वडगावचा. सँडहर्स्टला शिकून 1926 मध्ये ते फौजेत आले. हिंदी माणसाने गोऱ्या सैनिकांना हुकूम द्यावा हे तेव्हा अनेकांस रुचत नसे. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते : थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. मिळाला. हिंदी अधिकाऱ्यास पलटण पेलेल काय, हा प्रश्न तेथेच मिटला.

आता कोरिया. 1953 मध्ये युद्ध थांबले, तेव्हा बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी परतण्यास तयार नव्हते. त्यांना सांभाळण्यास भारताने सुमारे सहा हजारांची फौज पाठविली. प्रमुख थोरात. सप्टेंबरात कैद्यांनी आपला एक अधिकारी कुंपणाआड ओढून नेला. गोळीबार केला असता तर तो अधिकारी वाचता ना, आणि तटस्थ म्हणून गेलेल्या भारताची अब्रूही राहती ना. थोरात निःशस्त्र आत शिरले, खवळलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि आपला माणूस घेऊन बाहेर आले. सेवाग्रामच्या जिल्ह्यात हे सांगताना आम्हांस सांगणे भाग आहे की कुंपणाबाहेर त्यांचे बंदूकधारी शिपाई उभे होते. तेव्हा याला अहिंसा म्हणण्याची घाई नको. पण बंदूक असूनही ती न झाडणे हेही शिपायाचेच काम होय. या धैर्याबद्दल त्यांना अशोक चक्र, वर्ग 2, मिळाले. त्यालाच पुढे कीर्ती चक्र हे नाव पडले.

1957 मध्ये लखनौला पूर्व विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. ऑगस्ट 1959 मध्ये लोंगजूला चिन्यांशी चकमक झाली, आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलाची, सीमा लष्कराकडे सोपविण्यात आली. ऑक्टोबरात थोरातांनी योजना लिहून वर पाठविली. तिचे मर्म शेतकऱ्यालाही कळेल असे आहे. जेथे शिधा आणि काडतुसे पोचत नाहीत, तेथे माणूस उभा करून काय उपयोग? बर्फातल्या खिंडींवर फक्त चौक्या ठेवाव्यात, शत्रूस रेंगाळत ठेवावे आणि मुख्य लढाई मागे, आपल्या रसदेजवळ व त्याच्या रसदेपासून दूर द्यावी. सरसेनापती थिमय्यांना हे पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटले नाही. मार्च 1960 मध्ये थोरातांनी लखनौला 'लाल किल्ला' नावाचा कागदी युद्धसराव घेऊन तेच पुन्हा मांडले.

मे 1961 मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांची शिफारस थोरातांसाठी होती; नेमणूक थापरांची झाली. थापर ज्येष्ठ होते, हेही खरे. थोरात गाजावाजा न करता कोल्हापूरला परतले.

20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने हल्ला केला. महिनाभरात तवांग, से ला, बोमडिला गेले. थोरातांचे ऐकले असते तर आपण जिंकलो असतो, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी मागितलेली फौज व रस्ते तरी कोठे होते? पण उणीव काय आहे, हे तीन वर्षे आधी लिहून ठेवले होते.

त्या दिवसांत नेहरूंनी त्यांना बोलावले. ती योजना आपणांस का दाखविली नाही, असे नेहरूंनी विचारले, अशी हकीकत थोरातांनी आत्मचरित्रात दिली आहे. याचे उत्तर मेनन देऊ शकतील, इतकेच ते बोलले.