बंद करून चालू करण्याची किंमत
(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी शास्त्रज्ञ नाही, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. मघाशी चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं, "एवढ्या शिकलेल्या लोकांचंही चुकतं का?" चुकतं. ते कसं, हे सांगायला मी आज एका यंत्राची गोष्ट घेऊन आलो आहे. या गोष्टीमुळेच मला माझी एक चूक कबूल करावी लागली. तीही शेवटी सांगतो.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जिनिव्हाजवळ, सर्न ही प्रयोगशाळा आहे. तिथे जमिनीखाली सुमारे 100 मीटरवर, 27 किलोमीटर लांबीच्या गोल बोगद्यात प्रोटॉन फिरवून एकमेकांवर आदळवतात. त्या टकरींतून काय बाहेर पडतं ते टिपणारं एक यंत्र म्हणजे सीएमएस. 2012 मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं, ते सीएमएस आणि अ‍ॅटलास या दोन प्रयोगांमुळे.

सीएमएसच्या पोटात, टक्कर होते त्या जागेच्या अगदी लगत, पिक्सेल डिटेक्टर असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखा तोही सिलिकॉनचा, पण प्रोटॉनचे झुपके तिथे सेकंदाला जवळजवळ 4 कोटी वेळा एकमेकांना भिडतात. पहिल्या डिटेक्टरमध्ये 6 कोटी 60 लाख पिक्सेल होते. टकरींची गर्दी वाढत चालली होती आणि ती त्याला पुढे झेपली नसती. म्हणून नवा बांधला. त्यात 12 कोटी 40 लाख पिक्सेल आणि 1,856 मॉड्यूल होते. सर्वांत आतला थर टकरीच्या रेषेपासून 3 सेंटिमीटरपेक्षाही जवळ होता. 2017 च्या सुरुवातीला जुना काढून हा बसवला.

एकदा आत बसला की तिथे सहज हात पोचत नाही, म्हणून चाचण्या आधीच कराव्या लागतात. मॉड्यूल शून्याखाली गार करायची, पुन्हा गरम करायची, असं अनेकदा केलं. क्ष-किरण सोडून ती मोजमाप बरोबर देतात का ते पाहिलं. जी कमी पडली ती बाजूला काढली.

पिक्सेल वाढले तशी विजेची गरजही वाढली, पण आत जाणाऱ्या तारा जुन्याच वापरायच्या होत्या. म्हणून जास्त व्होल्टेजने वीज आत न्यायची आणि डिटेक्टरजवळ डीसी-डीसी कन्व्हर्टर लावून ती उतरवायची, असं ठरलं. या कन्व्हर्टरमधली चिप किरणोत्सर्गात टिकावी म्हणून खास सर्नमध्येच तयार केलेली होती.

मग ऑक्टोबर 2017 मध्ये हे कन्व्हर्टर एकामागून एक बंद पडू लागले. वर्ष संपेपर्यंत सुमारे 5 टक्के गेले.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट ऐका. डिटेक्टरमध्ये माहिती पाठवणारी एक चिप असते. एखादा कण नेमका तिच्यावर आदळला की ती कधी कधी अडकून बसायची. रीसेटने सुटायची नाही, वीज तोडूनच सुटायची. म्हणून कन्व्हर्टरला आज्ञा द्यायची, बंद हो, पुन्हा चालू हो. आपण राउटरचं करतो तेच.

शोध घेतल्यावर कळलं की दुखणं त्या 'बंद' अवस्थेत होतं. किरणोत्सर्गाचा पुरेसा मारा झालेला असताना कन्व्हर्टर बंद केला, तर चिपच्या आत थोडा विद्युतप्रवाह गळत राहायचा, एका जागी व्होल्टेज मर्यादेबाहेर चढायचं आणि चिप खराब व्हायची. किरणोत्सर्गाच्या चाचण्या झाल्या होत्या आणि बंद-चालूही होत होतं. पण दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं, ते आधीच्या चाचण्यांत पकडलं गेलं नव्हतं.

त्यांनी काय केलं? हिवाळ्याच्या सुट्टीत डिटेक्टर बाहेर काढला आणि सगळे कन्व्हर्टर बदलले. 2018 मध्ये कन्व्हर्टर बंद करण्याची ती आज्ञा वापरणंच सोडलं. वीज तोडायची तर बाहेरच्या मुख्य पुरवठ्यावरून तोडायची. त्या वर्षी तसे बिघाड झाले नाहीत. पुढच्या मोठ्या बंद काळात सुधारलेली चिप आली, सर्वांत आतला थरही नवा बसला. आणि हे सगळं त्यांनी आपल्या नावानिशी छापलं. तीच चिप इतर प्रयोगांतही होती, त्यामुळे तेही सावध झाले.

आता माझी चूक. आमची एक सर्व्हिस रोज रात्री अडकायची. ती का अडकते हे न शोधता मी तिला बंद करून चालू करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. महिनोन् महिने सगळं ठीक चाललं. मग सणाच्या गर्दीत एका रात्री ती स्क्रिप्ट चालू व्यवहारांच्या मधेच धावली आणि नोंदी अर्धवट राहिल्या. मीटिंगमध्ये संशय आला एका नव्या मुलावर. मला कारण कळलं होतं, तरी मी दोन दिवस गप्प बसलो.

त्याच दिवसांत मी सीएमएसचा हा अहवाल वाचत होतो. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. मला कोणी कामावरून काढलं नाही. तो मुलगा मात्र बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची आयसर या संस्था सीएमएसमध्ये सहभागी आहेत. 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तुमच्यापैकी कोणी तिथे पोचेल, कोणी माझ्यासारखा कंपनीत बसेल. कुठेही असा, एखादी गोष्ट रोज बंद करून चालू करावी लागत असेल, तर ती का अडकते हे एकदा शोधा. आणि शोधात आपलंच नाव निघालं, तर दोन दिवस थांबू नका.