एकच ठेवा, दोन मांडण्या



आपल्या देवालयाच्या ज्युबिलीनिमित्त पवित्र शास्त्राविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आरंभीं एक चूक कबूल करणें आमचें कर्तव्य होय. धर्मशिक्षणाच्या वर्गांत यहुदी लोकांच्या शास्त्रास ‘अर्धें बायबल’ असें आम्ही पुष्कळ वर्षें म्हणत आलों. तें म्हणणें बरोबर नव्हतें. कां, तें पाहूं.

यहुदी आपल्या शास्त्रास तनाख म्हणतात. त्याचे भाग तीन. तोरा म्हणजे मोशेचीं पांच पुस्तकें, नबीईम म्हणजे संदेष्ट्यांचीं आठ, आणि केतुबीम म्हणजे इतर लेखांचीं अकरा, एकूण २४. शमुवेल, राजे व इतिहास यांचे आपण दोन दोन भाग करतों, एज्रा व नहेम्या वेगळे मानतों आणि बारा लघुसंदेष्टे निरनिराळे मोजतों. यहुदी यांतील प्रत्येक गट एकच पुस्तक धरतात. म्हणून त्यांचीं २४ तींच आपल्या गणतीनें ३९ होतात. लूककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत पुनरुत्थित प्रभु मोशेचें नियमशास्त्र, संदेष्टे व स्तोत्रें यांचा एकत्र उल्लेख करतो. त्यांत या तिहेरी वांटणीची खूण दिसते.

आपल्या जुन्या करारांत पुस्तकें ४६. तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींचीं दोन, हीं सात ग्रीक शास्त्रसंग्रहाबरोबर आपल्याकडे आलीं. ट्रेंटच्या परिषदेनें १५४६ सालीं त्यांचें स्थान निश्चयानें सांगितलें. मृतांसाठीं आपण प्रार्थना करतों, तिला मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा आधार आहे. १९४७ पासून मृतसमुद्राकांठीं कुमरानच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सांपडूं लागल्या. त्यांत तोबीताच्या अरामी व हिब्रू प्रतींचे तुकडेही निघाले. अर्थात् प्राचीन काळीं कांहीं यहुदीही हें पुस्तक वाचीत होते.

परंतु संख्येहून क्रम अधिक बोलका आहे. तनाखाच्या प्रचलित छापील प्रतींत शेवटीं इतिहास येतो. त्याच्या अखेरच्या ओळींत पारसाचा राजा कोरेश हद्दपार झालेल्या लोकांस यरुशलेमेस जाण्याची मोकळीक देतो. ग्रंथ मिटतो तो घराकडे तोंड करून. आपण मात्र संदेष्ट्यांस शेवटीं ठेवतों, आणि यहुदी ज्यास ‘लेखां’त घालतात त्या दानीएलासही त्यांच्याच पंक्तीस बसवितों. आजच्या बहुतेक कॅथोलिक बायबलांत जुना करार मलाखीवर संपतो. एलिया येईल असें अभिवचन देऊन तो थांबतो, आणि पान उलटतांच मत्तय प्रभूची वंशावळ सांगूं लागतो. तेथून चार शुभवर्तमानें, प्रेषितांचीं कृत्यें, एकवीस पत्रें आणि प्रकटीकरण अशीं नव्या कराराचीं २७ पुस्तकें चालतात. शब्द बव्हंशीं तेच. मांडणींत मात्र ज्याची त्याची श्रद्धा प्रकट होते. तेव्हां यहुद्यांचा ग्रंथ आपल्या ग्रंथाचा अर्धा तुकडा नव्हे. त्यांच्या दृष्टीनें तो पूर्ण आहे.

हे लोक आपणांस परकेही नाहींत. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल समाजाचें ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार, हें प्रार्थनामंदिर मुंबईंत १७९६ सालीं स्थापन झालें. यहुदी रीतीप्रमाणें तोरेची गुंडाळी वर्षभर भागाभागानें वाचतात, आणि ज्या सणाला ती संपते त्याच सणाला पुन्हां पहिल्या अध्यायापासून आरंभ करतात. शास्त्र संपलें, आतां ठेवून द्यावें, असें तेथें होत नाहीं. जुन्या कराराचें प्रकटीकरण आपणांस याच लोकांच्या द्वारें मिळालें, याची आठवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सर्व ख्रिस्तसभेस करून दिली.

बंधुभगिनींनो, आपल्या कित्येक घरीं बायबल फडताळांत झांकलेलें असतें. ज्युबिलीची भेट म्हणून आमचें एवढेंच मागणें आहे: आज सायंप्रार्थनेनंतर मलाखीचें शेवटचें पान आणि मत्तयाचें पहिलें पान एका बैठकींत, मुलांबाळांसह, मोठ्यानें वाचा. त्या दोन पानांमध्यें किती पिढ्यांची प्रतीक्षा आहे, तें आपणांस उमगेल. त्या प्रतीक्षेचा धनी तो प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.