पाटी लावा



पत्रिकेत माझा विषय ‘व्यसनमुक्ती आणि समाज’ असा छापलाय. पण मी बोलणार आहे एका पाटीबद्दल. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे तुम्ही याच व्यासपीठावरून ऐकलेलं आहे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई होत्या, हेही तुम्हाला पाठ आहे. तेव्हा तो भाग सोडतो.

माझा प्रश्न पुढचा आहे. उपचार घेऊन माणूस घरी आला. संध्याकाळचे सात वाजले. आता त्यानं जायचं कुठे? सातचा जुना पत्ता त्याला तोंडपाठ असतो. तिथे पाटी आहे, झगझगीत दिवे आहेत, उधारीसुद्धा आहे. (हशा) दुसरा पत्ता अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकीचा. भारतात 1957 पासून हे गट आहेत. आपल्या गावातला कुठे भरतो, कुणाला ठाऊक आहे? नको, हात वर करू नका. शेजारचा विचारेल, तुम्हाला कसं माहीत? (हशा)

हसलात ना, तिथेच सगळं अडलंय.

ही संघटना सुरू कशी झाली, ते ऐका. 1935 चा मे महिना. अमेरिकेत ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन, टायर-रबराचं गाव. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला बिल विल्सन तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलात उतरलेला. एका कंपनीचा ताबा मिळवायला आला होता. डाव फसला, खिशात जेमतेम पैसे. दारू सोडून पाचेक महिने झालेले. लॉबीत येरझारा घालतोय, आणि बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येताहेत. लॉबीतच एक फलक होता, गावातल्या चर्चची यादी लावलेला. त्यानं त्यातल्या एका पाद्र्याला फोन लावला. म्हणाला, मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय! त्या भल्या माणसानं काही नावं दिली. एकामागून एक फोन करत तो पोचला हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत. त्यांच्या ओळखीचे एक सर्जन होते, डॉ. बॉब स्मिथ. पण त्या दिवशी डॉक्टर येऊच शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मातृदिन, म्हणून बायकोसाठी झाडाची कुंडी घेऊन घरी आले होते. कुंडी टेबलावर होती आणि डॉक्टर टेबलाखाली. (हशा) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आले ते ‘पंधराच मिनिटं’ असं बजावून. उठले ते रात्री अकरानंतर.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. पंधरा मिनिटांचं काय होतं, ते त्यांच्या लक्षात आलेलं दिसतंय. (हशा)

डॉक्टरांनी पुढे एकदा घसरून 10 जूनला शेवटची दारू घेतली. संघटना तोच आपला वाढदिवस मानते. मी मात्र त्या लॉबीतल्या फलकापाशी अडकलोय. तो फलक आत कपाटात ठेवलेला असता तर?

मला सांगतात, नावातच अनामिक आहे, मग पाटी कशाला? अहो, अनामिक माणूस राहायचा. खोलीनं कशाला तोंड लपवायचं? 1941 च्या मार्चमध्ये ‘सॅटरडे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात या मंडळींवर लेख आला. तेव्हा ते दोनेक हजार होते, वर्षअखेर आठेक हजार झाले. पत्ता कळला की माणसं येतात.

आत काय चालतं, ते भरभर सांगतो. आडनाव कुणी विचारत नाही. फी नाही, शेवटी टोपी फिरते, नवख्यानं काही टाकायची गरज नाही. प्रत्येक जण स्वतःचं सांगतो, दुसऱ्याला मध्येच उपदेश करत नाही. महाराष्ट्रात हे किती अवघड आहे, बघा. (हशा) काही बैठका खुल्या असतात, घरच्यांनाही चालतात. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. एक गट रुचला नाही तर दुसरा बघा. देवाचा उल्लेख येतो. मलाही तो जड जातो, पण चहाला थांबा. खरी ओळख तिथे होते. आणि रोज पिणाऱ्यानं एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर.

उपयोग होतो का? 2020 साली वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली. आखीव पद्धतीनं रुग्णाला या बैठकांशी जोडून दिलं, तर पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण इतर उपचारांपेक्षा जास्त दिसलं. नुसतं ‘जा तिकडे’ म्हणणं वेगळं आणि जोडून देणं वेगळं.

म्हणून आपल्या गावातल्या गटासाठी एक खोली मागतो, बाहेरच्या पाटीसकट. या सभागृहामागची वाचनालयाची खोली मंगळवारी संध्याकाळी बंद असते. मी शिपायाला विचारून आलोय. (हशा) विश्वस्त एकमेकांकडे बघताहेत. संस्थेच्या नावाची काळजी वाटणं साहजिक आहे. पण याच मंचावर आपण वधूवर मेळावे घेतो, त्यातल्या किती घरांत हा प्रश्न असेल? भाडं माफ करू नका. हे गट बाहेरची देणगी घेत नाहीत, स्वतःचा खर्च स्वतः भागवतात. रीतसर पावती फाडा.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं उरलीत. पहिल्या रांगेतून विचारताहेत, पाटीवर लिहायचं काय? संघटनेचं नाव, वार, वेळ, मजला. आणि जिना कुठून आहे तेही लिहा, कारण नवखा माणूस ते कुणालाच विचारणार नाही.