‘शॅल’ : एका क्रियापदाचें देणें



इंग्रजी व्याकरणाच्या वर्गांत एक जुनी गोष्ट सांगत असत. कोणी त्या गोष्टींतला मनुष्य आयरिश होता म्हणतात, कोणी स्कॉच. तो नदींत बुडूं लागला आणि ओरडला, ‘आय विल ड्राऊन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणावयाचें होतें, ‘मी आतां बुडणार, मला कोणीहि वांचवणार नाहीं.’ काठावरील व्याकरणनिष्ठ इंग्रजांनीं अर्थ घेतला तो असा : ‘बुडण्याचा माझा निश्चय आहे, खबरदार, मला कोणी वांचवाल तर!’ आणि त्याच्या इच्छेचा मान राखून ते स्वस्थ उभे राहिले. गोष्ट अर्थात् रचलेली आहे. पण ‘शॅल’ या चिमुकल्या क्रियापदानें परभाषिकांचा जो छळ मांडला, त्याचें चित्र तींत बरोबर उतरलें आहे.

‘शॅल’ म्हणजे भविष्यकाळाची खूण, असें आपण शाळेंत घोकलें. मुळांत मात्र या शब्दाचा काळाशीं कांहीं संबंध नव्हता. प्राचीन इंग्रजींत ‘मी शॅल’ याचा अर्थ ‘मी देणें लागतों’ असा होता. जर्मन भाषेंत याचें भावंड ‘झोल’ आजहि ‘पाहिजे’ या अर्थानें नांदत आहे, आणि त्याच कुळांतल्या ‘शुल्ड’ शब्दाला कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी माणसाला हें समजावयास कोशाची गरज पडूं नये. ‘मी त्याचे शंभर रुपये देणें लागतों’, ‘मला जावें लागतें’, या दोन वाक्यांत आपण एकच ‘लागणें’ वापरतों. एकदां पैशाच्या ऋणासाठीं, एकदां कर्तव्याच्या. ‘शॅल’ हें इंग्रजांचें ‘लागणें’ आहे. उलट ‘विल’ म्हणजे इच्छा. मृत्युपत्राला विल म्हणतात तें उगीच नव्हे. जें करणें भाग आहे तें पुढें घडणारच, या वाटेनें ऋणाचा शब्द भविष्यकाळाच्या कामास लागला. त्याचेंच भूतकाळी रूप ‘शुड’. त्यानें मात्र ‘पाहिजे’ हा जुना अर्थ अद्यापि सोडलेला नाहीं.

आतां तो सुप्रसिद्ध नियम. 1653 सालीं जॉन वॉलिस यानें लॅटिन भाषेंत इंग्रजीचें व्याकरण लिहिलें. हा गृहस्थ ऑक्सफर्ड येथें भूमितीचा प्राध्यापक; अनंताचें आडव्या आठासारखें चिन्ह दोनच वर्षांनीं यानेंच रूढ केलें. त्यानें नियम घातला कीं, प्रथम पुरुषीं ‘शॅल’ म्हणजे नुसतें भाकित आणि ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी. द्वितीय व तृतीय पुरुषीं याच्या नेमकें उलट. गणितज्ञाला शोभेल अशी ही सममिति आहे, परंतु बोलणारी माणसें ती फारशी पाळीत नव्हतीं. पुढें 1906 सालीं फाउलर बंधूंनीं ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथांत याच विषयावर पानेंच्या पानें खर्चिलीं, आणि दक्षिण इंग्लंडांत जन्मलेल्यांना हें आपोआप येतें, इतरांना साधणें कठीण, असेंहि कबूल केलें. ज्या नियमासाठीं जन्मस्थान बदलावें लागतें, त्याच्यापायीं आपल्या मुलांचे गुण कां कापावे, हें मला कधीं उमजलें नाहीं.

आजच्या बोलण्यांत ‘विल’ सर्व पुरुषीं चालतें. ‘शॅल’ राहिलें आहे तें मुख्यतः प्रश्नांत, आणि तेथें तें सोडूं नये. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी उघडूं का?’ आणि ‘शॅल वुई गो?’ म्हणजे ‘जाऊं या का?’ येथें ‘विल आय’ म्हणणें म्हणजे मी खिडकी उघडीन कीं नाहीं हें भविष्य समोरच्याला विचारणें होय! मराठींतला ‘ऊं का’ जेथें बसतो, तेथें ‘शॅल’ खुशाल घालावें. मला तरी याहून सोपा नियम आढळला नाहीं.

दुसरें घर कायद्याचें, आणि तेथें प्रकरण गंभीर होतें. कायदा नेहमीं तृतीय पुरुषीं बोलतो, म्हणून तेथील ‘शॅल’ ही आज्ञा. आपल्या राज्यघटनेचा चौदावा अनुच्छेद राज्यानें कोणास कायद्यापुढील समानता ‘शॅल नॉट’ नाकारावी, असें सांगतो. मराठी अनुवादांत तेथें ‘नाकारणार नाहीं’ असें आहे. वकिलांना त्यांतली आज्ञा कळते. पण सामान्य वाचकाला तें आश्वासन वाटतें, कदाचित् भाकितहि. ‘नाकारूं नये’ म्हटलें तर उपदेश होतो. ‘नाकारतां कामा नये’ हेंच खरें मराठी, असें मला वाटतें. अर्थात् न्यायालयांनींहि प्रत्येक ‘शॅल’ सारख्याच वजनाचा मानलेला नाहीं. लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जावा, असें घटनेंत असतां, तो घेतला नाहीं एवढ्यानें सरकारचा हुकूम रद्द होत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें मनबोधनलाल खटल्यांत 1957 सालीं दिला. असल्या संदिग्धतेला कंटाळूनच दक्षिण आफ्रिकेनें 1996 च्या घटनेंत ‘मस्ट’ पसंत केलें, आणि अमेरिकेच्या संघीय दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांतून 2007 सालीं ‘शॅल’ काढून टाकण्यांत आलें.

या शब्दाशेजारी दुसरा एक शब्द येऊन बसला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्याच घरांतलें आहे. घटनेच्या मसुद्यांत, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास हक्कदार आहे, असे शब्द होते. 1948 च्या नोव्हेंबरांत लक्ष्मीकांत मैत्र यांनीं ते गाळण्याची सूचना मांडली, कारण हें कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणांतलें, तेथें हक्काची भाषा नको, डॉ. आंबेडकरांनीं ती मान्य केली. उरलें तें ‘शॅल एन्डेव्हर’ : चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आंत मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. ऋण राहिलें, पण तें शिक्षणाचें नव्हे, प्रयत्नाचें. आणि सावकारानें कोर्टांत जाऊं नये, अशी तजवीज सदतिसाव्या अनुच्छेदानें करून ठेविली होती. दहा वर्षें 1960 सालीं भरलीं. 1993 सालीं उन्नीकृष्णन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें चौदा वर्षांपर्यंतचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला, आणि 2002 च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनें एकविसाव्या अनुच्छेदास ‘अ’ जोडून तेथें लिहिलें, ‘शॅल प्रोव्हाइड’. म्हणजे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्यानें शिक्षण दिलेंच पाहिजे. ‘एन्डेव्हर’ गेलें, तेव्हां कुठें ‘शॅल’ला आपला मूळचा ऋणाचा अर्थ परत मिळाला.

तरीहि त्याच वाक्याच्या शेवटीं एक ‘मे’ आहे. राज्य कायद्यानें ठरवील त्या रीतीनें हें शिक्षण द्यावयाचें होतें. तो कायदा 2009 सालीं झाला, आणि दुरुस्ती व कायदा दोन्ही 1 एप्रिल 2010 रोजीं अंमलांत आलीं. घटना अंमलांत आली त्या वर्षीं जें मूल सहा वर्षांचें होतें, तें त्या दिवशीं सहासष्टीच्या घरांत होतें.