पाटी आणि कारखाना



ज्या व्यासपीठावर उपनिषदांपासून अर्थसंकल्पापर्यंत भारदस्त विषयांची चर्चा होत आली, तेथे मोटारींच्या शर्यतीविषयी बोलावयास उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. परंतु ज्या संघाने आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही तो अखेर कधी जिंकू शकेल काय, हा जो प्रश्न मी आज हाती घेतला आहे, तो वरवर खेळाचा असला, तरी संस्था म्हणजे नेमके काय आणि तिच्या श्रमाचे फळ कुणाच्या खाती जमा धरावयाचे, असे जुने आणि अवघड प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत. आणि वर्गणीच्या पावत्या फाडून व्याख्यानमाला चालविणाऱ्या मंडळींना तर ते मुळीच परके नसावेत.

फॉर्म्युला वन या नावाने १९५० पासून जी जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा चालत आली आहे, तिच्यात आज इंजिन दुसऱ्याकडून घेता येते, पण गाडी मात्र संघाने स्वतःची म्हणून उभी करावी लागते. शर्यत संपली की विजयमंचावर दोन राष्ट्रगीते वाजतात : पहिले चालकाच्या देशाचे, आणि दुसरे ज्या देशाच्या परवान्यावर संघ उतरला असेल त्या देशाचे. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत घाटावर पुकारा होतो तो बैलांच्या मालकाच्या नावाचा. वर्षभर पहाटे उठून त्यांना वैरणपाणी करणाऱ्या गड्याचे नाव पुकारलेले मी तरी कधी ऐकले नाही. मोटारशर्यतीतही पुकारा होतो तो पाटीवरच्या नावाचाच. आणि माझ्या विवेचनाचा सगळा रोख या पाटीवर आहे.

प्रथम अपयशाचे उदाहरण घेऊ. इंग्लंडात १९७७ मध्ये अ‍ॅरोज नावाचा संघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी, आपल्या दुसऱ्याच शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे, रिकार्डो पात्रेसे हा तरुण इटालियन त्याची गाडी घेऊन सर्वांच्या पुढे धावत होता. परंतु थोड्या फेऱ्या उरल्या असता इंजिनाने दगा दिला. थोड्याच फेऱ्या उरल्या असता आघाडीवर असण्याचा असा प्रसंग पुन्हा येण्यास एकोणीस वर्षे जावी लागली. १० ऑगस्ट १९९७ रोजी, बुडापेस्टजवळच्या हंगेरोरिंगवर, आदल्याच वर्षीचे जगज्जेते आणि तरीही विल्यम्स संघाने निरोप दिलेले डेमन हिल अ‍ॅरोजच्या गाडीत बसले होते. उन्हाने तापलेल्या त्या मार्गावर इतरांच्या टायरांना फोड येत असताना हिल यांचे ब्रिजस्टोनचे टायर मात्र टिकून होते. अकराव्या फेरीत त्यांनी मायकेल शूमाकर यांना मागे टाकले, आणि पुढे तर दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीला अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतरावर ठेवले. सत्त्याहत्तर फेऱ्यांची ती शर्यत. अवघ्या काही फेऱ्या राहिल्या असताना द्रवदाबाची यंत्रणा ढिली पडली, गियर बदलेनासे झाले, गाडी रांगू लागली, आणि शेवटच्या फेरीत झाक व्हिलनव यांनी चाके गवतात घालून तिला ओलांडले. व्हिलनव यांची गाडी विल्यम्सचीच होती. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि पुन्हा आला नाही. २००२ मध्ये संघ बुडाला, तेव्हा त्याच्या दप्तरी पावणेचारशेहून अधिक शर्यती होत्या, आणि विजयाचा रकाना कोराच होता.

एवढ्यावरून कोणी निष्कर्ष काढील की दुबळ्याच्या नशिबी जय नाही, तर त्याने क्षणभर थांबावे आणि माझ्याबरोबर इटलीतील फाएन्झा या गावी यावे. मातीच्या झिलईदार भांड्यांसाठी शतकानुशतके नावाजलेल्या या लहानशा गावात जानकार्लो मिनार्दी यांनी आपला संघ उभा केला, आणि १९८५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरविला. पैशाची तंगी ही त्याची जन्माची सोबतीण होती. पुढे दोनदा जगज्जेते झालेले फर्नांदो अलोन्सो याच दारातून या क्षेत्रात आले; पण ते आले आणि गेले, कारण गुणी माणूस राखून ठेवण्याची ऐपत या घरात नव्हती. एकवीस हंगामांत ३४० शर्यती, जमेस अवघे ३८ गुण, चौथ्याच्या वरचा क्रमांक एकदाही नाही, आणि १९८९ साली पोर्तुगालमध्ये एक फेरी, केवळ एकच फेरी, अग्रभागी काढलेली : असा हा सगळा जमाखर्च होता. २००५ मध्ये रेड बुल या पेयाच्या धनाढ्य मालकांनी संघ विकत घेतला. मिनार्दीची पाटी उतरली, तोरो रोसोची चढली. कारखाना मात्र फाएन्झातच राहिला.

१४ सप्टेंबर २००८ रोजी इटलीतच मॉन्झा येथे धो धो पाऊस पडत होता. एकवीस वर्षांचा सेबास्टियन फेटेल हा जर्मन चालक तोरो रोसोची गाडी घेऊन पहिल्या स्थानावरून निघाला आणि पहिल्या स्थानावरच पोचला. त्याच मालकांच्या थोरल्या रेड बुल संघालाही तोवर एकही शर्यत जिंकता आलेली नव्हती. धाकट्या पातीने थोरल्या पातीच्या आधी गुढी उभारली. विजयमंचावर आधी जर्मनीचे आणि मग इटलीचे राष्ट्रगीत वाजले. आणि जर्मन शूमाकर व इटलीचा फेरारी संघ यांच्या अमदानीत ज्या श्रोत्यांनी हीच जोडी वर्षानुवर्षे ऐकली होती, त्यांच्यासमोर ती या वेळी फाएन्झाच्या कारागिरांसाठी वाजत होती.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो की, या गाडीचा आराखडा इंग्लंडात रेड बुलच्या तंत्रज्ञांनी केला होता, इंजिन फेरारीचे होते, आणि पैसा तर सर्वस्वी नव्या धन्याचा. मग यात मिनार्दीचे काय उरले? आक्षेप रास्त आहे, आणि मी तो टाळू इच्छित नाही. परंतु आराखडा, इंजिन आणि पैसा यांनीच शर्यत जिंकता येती, तर त्याच आराखड्याची गाडी चालविणारा थोरला संघ त्या दिवशी मागे का राहिला? शर्यतीच्या दिवशी आणखी काही लागते : ओल्या मार्गासाठी गाडी नेमकी बसविणारा हात, भर पावसात काही सेकंदांत चारही चाके बदलणारी माणसे, आणि शेकडो पराभवांनंतरही पुढच्या शर्यतीच्या पेट्या त्याच निगुतीने भरणारी सवय. ही सवय खरेदीखतात लिहिलेली नसते, आणि तरीही ती हस्तांतरित होते.

आता आपल्याला अधिक जवळचे उदाहरण. इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गासमोर एक कारखाना आहे. एडी जॉर्डन यांच्या नावाने १९९१ पासून सिल्व्हरस्टोनहून गाड्या निघू लागल्या, आणि त्यांना पहिला जय मिळवून दिला तो हंगेरीत जिंकता जिंकता हरलेल्या त्याच डेमन हिल यांनी : ३० ऑगस्ट १९९८, बेल्जियमचे स्पा, आणि तेथेही पाऊसच! पुढे कारखाना हातोहाती विकला गेला; मिडलँड आणि स्पायकर या पाट्या वर्षा-दोन वर्षांत उतरल्या, आणि २००८ च्या हंगामात विजय मल्ल्या यांची ‘फोर्स इंडिया’ ही पाटी चढली. संघाचा परवाना भारताचा. दीड वर्ष त्याला एक गुणही मिळाला नाही. आणि मग २००९ मध्ये, त्याच ३० ऑगस्टला, त्याच स्पा येथे, जानकार्लो फिझिकेल्ला यांनी फोर्स इंडियाची गाडी सुरुवातीच्या रांगेत पहिल्या स्थानावर उभी केली. प्रारंभीच्या अपघातानंतर शर्यत पुन्हा मोकळी झाली त्या क्षणी किमी रायकोनेन यांनी फेरारीत साठविलेल्या विद्युत्शक्तीचा जोर लावून त्यांना मागे टाकले. तेवढा एक क्षण वगळता फिझिकेल्ला शेवटपर्यंत त्यांच्या पाठीस लागून होते. अंतर एका सेकंदापेक्षाही कमी राहिले. त्या एका सेकंदाअभावी फॉर्म्युला वनच्या विजयमंचावर ‘जन गण मन’ वाजावयाचे राहून गेले, आणि फोर्स इंडियाच्या नावाने ते पुढेही कधी वाजले नाही.

जुलै २०१८ मध्ये संघ कर्जापायी न्यायालयाच्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. आपल्या थकलेल्या येण्यासाठी दावा लावून ही कारवाई घडवून आणणारे होते संघाचेच मेक्सिकन चालक सर्जिओ पेरेझ. संघ समूळ बुडू नये म्हणूनच आपण हे केले, असे त्यांनी सांगितले. कामगार वाचले, नवे मालक आले, पाटी ‘रेसिंग पॉइंट’ झाली. पुढे २०२० मध्ये पेरेझ यांनाच निरोप देण्याचे ठरले, आणि त्यांच्या जागी येणार होते मॉन्झाचे तेच फेटेल. अशा स्थितीत ६ डिसेंबर २०२० रोजी, बहरीनमधील साखीर येथे, पहिल्याच फेरीत धडक बसून पेरेझ सर्वांत शेवटी फेकले गेले. तेथून एकेक गाडी ओलांडीत ते वर चढले, आघाडीवरच्या मर्सिडीज संघाने टायरांचा घोळ घातला, आणि आपल्या १९० व्या शर्यतीत पेरेझ प्रथमच जिंकले. दुसरे राष्ट्रगीत ब्रिटनचे वाजले. हातोडी-पान्हे धरणाऱ्यांपैकी कित्येक हात मात्र फोर्स इंडियाच्या दिवसांतलेच होते.

श्रोतेहो, या सर्व हकिकतींचे सार माझ्या मते असे आहे. दुबळ्याचा विजय बहुधा बलवानाच्या चुकीच्या किंवा आभाळ फाटल्याच्या दिवशी येतो. परंतु तो दिवस कोणता हे आधी कळत नसल्यामुळे त्या दिवशी हजर असण्याकरिता इतर सगळ्या दिवशी हजर राहावे लागते. अ‍ॅरोजचे दुर्दैव हंगेरीतल्या यंत्रबिघाडात नव्हते. ते पाटीबरोबर कारखानाही विझला यात होते. म्हणून माझा निवाडा असा की, कधी न जिंकलेला कारखाना अखेर जिंकू शकतो; पाटीला मात्र तशी हमी कोणी देऊ नये, आणि तिने ती मागूही नये.

अमेरिकेचा हास संघ २०१६ पासून या स्पर्धेत उतरत आला आहे, आणि २०२४ च्या हंगामाअखेर त्याच्या खाती एकही विजय नव्हता. त्याच्या मालकांनी उद्या माझा सल्ला विचारलाच, तर मी त्यांना एवढेच सांगेन : कारागिरांचे पगार पहिल्या तारखेस करा, आणि पावसाची वाट पाहा.