गोठ्यावरचा दिवाणजी



केळझर हीच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरते की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. परंतु बकासुराच्या कथेतील एक गोष्ट आम्हांला नेहमी बोचत आली आहे. गाडाभर अन्न, त्याबरोबर एक माणूस, रोज एका घरची पाळी. आणि गावाने ते मुकाट्याने मान्य केलेले! गोठ्यावरील अपघातांच्या बाबतीत आपण अजून त्याच नगरीत राहतो. वळूने गड्याला भिंतीशी दाबले, की 'नशीब त्याचे' म्हणून आपण मोकळे.

हा जिल्हा गवळाऊ गायीचा. जमनालालजी बजाजांनी १९४१ साली वर्ध्यास गोसेवा संघाचे काम हाती घेतले. गायीची निगा कशी राखावी, हे तेव्हापासून आपण पुष्कळ ऐकले. गाय राखणाऱ्याची निगा कोणी राखावी, हे मात्र क्वचितच ऐकतो. आमच्या मते ते काम गोठ्याच्या दिवाणजीचे आहे, आणि ते त्याला शिकवले पाहिजे. आज त्याला काय येते? दूध मोजणे, हजेरी मांडणे आणि गड्यांवर ओरडणे. शेवटचे तर न शिकवताच येते.

नेवासे तालुक्यातील वाकडी गावी एप्रिल २०२४ मध्ये शेणाचा काला साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढावयास एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढावयास दुसरा, मग तिसरा. असे पाच जण गेले. आणखी एक जण कमरेला दोर बांधून उतरला होता; त्याला वर ओढता आले आणि तो वाचला.

या माणसांत धैर्याची उणीव होती काय? मुळीच नाही. कुजलेल्या शेणातून निघणारा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाकच बधिर होते, आणि माणसाला वाटते, वास गेला, धोका टळला! कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही येथे घातक, कारण त्याच खड्ड्यात पेट घेणारा वायूही असतो. तेव्हा काठावर उभे राहून 'थांबा, कोणीही उतरायचे नाही' असे ठणकावणारा एक माणूस हवा. आपला सोबती खाली तडफडत असताना हे शब्द तोंडातून निघणे फार कठीण. म्हणून त्यांची तालीम आधी, गोठ्यावरच, सर्व गड्यांसमक्ष झाली पाहिजे. दोर कोठे आहे, हाक कोणाला मारावयाची, हे त्या दिवशी शोधून चालत नाही.

दुसरा धडा ऐकण्याचा. गाभडलेल्या गायीची वार उघड्या हाताने काढू नये, तिच्यातून माणसालाही महिनोन्‌महिने ताप आणणारा रोग जडतो, हे दिवाणजीने सांगावे. पण कोणती गाय लाथ मारते, कोणता वळू आज बिथरला आहे, हे गायकीलाच आधी कळते. त्याने ते दिवाणजीला न भिता सांगावे, अशी रीत हवी.

येथे आमचीच कथा सांगणे भाग आहे. तरुणपणी एका गोठ्याची देखरेख आमच्याकडे होती. कुट्टीच्या यंत्रावरची जाळी निघाली आहे, असे गड्याने सकाळी सांगितले. आम्ही म्हणालो, "आजचा चारा होऊ दे, उद्या पाहू." दुपारी त्याची दोन बोटे गेली. त्याने आम्हांला बोल लावला नाही. मालकांनी मात्र विचारले, चारा किती झाला?

म्हणून आमची मागणी मालकांकडेही आहे. यंत्र बंद ठेवले म्हणून दिवाणजीचा पगार कापला जाणार असेल, तर कोणतेही शिक्षण त्याच्या तोंडून 'थांबा' वदवू शकणार नाही. पहिल्या वर्गाला मालकांनी गड्यांच्या शेजारी येऊन बसावे, आणि कामाचा एक वेळ बुडाला तरी आम्ही जाब विचारणार नाही, हे तेथे सर्वांदेखत सांगावे. सभेत असे काही मालक आम्हांला दिसत आहेत.